खडूचे चार शब्द

प्रोसेसरमधल्या दोषांच्या बातम्या पहिल्यांदा वाचल्या, तेव्हा मला आनंद झाला होता. हे आज कबूल करायला लाज वाटते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी ड्रॉइंग ऑफिस सांभाळायचो आणि संगणकाच्या सुरक्षेबद्दल माझं कुणी ऐकत नसे. आता जगभरचे जाणकार सांगत होते, की वेळ वाचवायला प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच उरकून ठेवतो. अंदाज चुकला तर ते टाकून देतो, पण त्याच्या खुणा मागे राहतात आणि त्यावरून चोरट्या प्रोग्रामला दुसऱ्याची गुपितं वाचता येतात. मालकांना मी हे दोनदा समजावलं. शेवटी वैतागून ते म्हणाले, तुम्हाला हवं ते करा.

मग काय, मी सुरक्षेलाच वाहिलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम निवडली. एका कोरकडून, म्हणजे प्रोसेसरच्या एका मेंदूकडून, एकाच वेळी दोन कामं करून घ्यायची युक्ती ती, एकाचं गुपित दुसऱ्याला दिसू नये म्हणून, सरळ बंदच करून टाकायची. यंत्र हळू चालेना का, पण धोका नको, हा तिचा खाक्या. माझ्या संशयी स्वभावाला ती अगदी मानवली.

सगळ्यात आधी ती मी मिस्त्रींच्या संगणकावर बसवली. मिस्त्री म्हणजे आमचे पॅटर्न बनवणारे. ते लाकडी नमुना करायचे, त्यावरून वाळूत साचा पडायचा आणि साच्यात लोखंडाचा रस ओतला जायचा. कोणता जॉब, म्हणजे ओतलेला भाग, थंड होताना किती आकसतो, कुठे तडा जातो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पन्नाशीनंतर ते टायपिंग शिकले आणि रोज जेवणाच्या सुट्टीत एकेका जॉबचं लिहून ठेवू लागले. सात वर्षांचं लिखाण होतं ते. बोलायला रोखठोक माणूस. गेटवर आलेल्या कुठल्याही अनोळखी माणसाला ते ‘पावणं’ म्हणायचे, मला मात्र पहिल्या दिवसापासून ‘सायेब’. नवी सिस्टीम बघून त्यांनी विचारलं, “आपल्या वाळूत कोण चोर शिरतोय, सायेब?” मी अर्धा तास त्यांचं डोकं खाल्लं.

त्यांचं लिखाण नव्या डिस्कवर घेऊन तिला कुलूप घातलं. ते उघडायला एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द निवडा, मलाही सांगू नका, कुठे लिहू तर मुळीच नका, असं सगळ्यांसमोर बजावलं. बॅकअपलाही त्याच शब्दांचं कुलूप. जुनी डिस्क मी पुसून पुन्हा पुसली. पुढे दीड महिना यंत्र बंदच झालं नाही, त्यामुळे ते शब्द त्यानं मागितलेच नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टीपासून संगणकापर्यंत सगळं बंद करून पुजतात. पूजेत मांडायला मी फळीवरून पंपाचा एक जुना पॅटर्न उतरवला, तर त्याच्या पोटाखाली मिस्त्रींच्या अक्षरात खडूने लिहिलेले चार शब्द. फौंड्रीत सगळंच खडूने लिहितात. त्यांच्या दृष्टीने याहून बिनधोक जागा नव्हती. माझं मात्र टाळकं सटकलं. पहिला शब्द डोळ्यांत शिरलाच, ‘छत्री’. पुढचे वाचणं नियमात बसत नव्हतं, म्हणून मान वळवली आणि रुमालाने सगळं पुसून टाकलं. त्यांना पाठ असणारच, असा माझा अंदाज.

दसऱ्यानंतर संगणक सुरू केला आणि त्यानं शब्द मागितले. मिस्त्री उठून फळीपाशी गेले, पॅटर्न उलटा करून बघितला आणि परत आले. साफसफाईत कुणीतरी पुसलं असणार, म्हणाले. तीन दिवस ते आठवत बसले. मी मागे उभा होतो. ‘छत्री’ म्हणालो असतो, तर कदाचित पुढचे शब्द त्यांना आठवले असते. पण मग मला तो कसा माहीत, हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. तो शुद्ध भित्रेपणा होता, त्याला दुसरं नाव नाही. वर त्यांनीच माझी माफी मागितली, तुम्ही एवढं सांगूनही मी लिहिलं म्हणून.

एकटा असताना मी छत्रीपुढे सुचतील ते शब्द जोडून पाहिले. काही उघडलं नाही.

दिवाळीनंतर एक मोठा जॉब तडकला. असले जॉब पूर्वीही तडकायचे, पण या वेळी मिस्त्रींनी राजीनामा दिला. निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती. “डोस्कं चालंना आता, सायेब,” ते म्हणाले. “चार शबुद ऱ्हायले न्हाईत, तर जॉबचं काय ऱ्हानार?” निरोपाचा नारळ मीच त्यांच्या हातात दिला.

दोन वर्षं मी हे गिळून बसलो. गेल्या महिन्यात कळलं, की वाट चुकेल या भीतीने ते आता एकटे बाजारालाही जात नाहीत. मग मात्र घरात बसवेना. पन्हाळ्याच्या बाजूला त्यांचं गाव आहे, तिथे गेलो. दारातल्या कट्ट्यावर आम्ही दोघंच होतो. इकडचं तिकडचं न बोलता मी म्हणालो, “छत्री.”

त्यांनी डोळे बारीक केले. “छत्री, उडीद, कानस, पाळणा,” एका दमात म्हणाले. चेहरा असा उजळला, की मला बघवेना. आत हाक मारून बायकोला सांगितलं, माझं डोकं शाबूत हाय गं. मग माझ्याकडे वळले.

“पयला शबुद तुमास्नी कसा म्हाईत?”

मी सगळं सांगितलं. रुमालासकट. चहा आला, तो मी एकट्यानेच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिस्त्रींच्या तशाच पडून असलेल्या संगणकात शब्द टाकले. इंग्रजी अक्षरांतली स्पेलिंगं त्यांच्या पद्धतीची धरली, तेव्हा डिस्क उघडली. सात वर्षांचं सगळं लिखाण जसंच्या तसं होतं. मी लगेच फोन केला. डिस्क उघडली, मालकांशी बोललोय, तुम्ही परत या, म्हणालो.

“बरं झालं, पावणं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.