ती बाहेर आलीच नाही

ती घटना मी कधी विसरलोच नाही, त्यामुळे ती आठवण्याचा प्रश्न येत नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तरी हिवाळ्यात रस्त्याने कापसाची भरलेली गाडी चालली की मी तोंड फिरवतो. बायकोला माहीत आहे.

लिहायला बसलो त्याला कारण घडलं. मागच्या महिन्यात इथे अमरावतीत, राजापेठेतल्या एका क्लासवाल्याने मला व्याख्यानाला बोलावलं. स्पर्धा परीक्षेची पोरं होती. विषय दिला होता, चौकटीबाहेरचा विचार. बत्तीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस एखादा झकास तपास सांगेल आणि पोरं टाळ्या पिटतील, एवढाच त्याचा हिशेब. मी तसा एक तपास सांगितलाही. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, सुचलं पण उशिरा सुचलं, असं कधी झालं का?" मी घड्याळ पाहिलं, वेळ झाली म्हणालो आणि खाली उतरलो. वेळ भरपूर होती. त्या मुलीचं उत्तर इथे देतो.

मी तेव्हा अकोला जिल्ह्यात ठाणेदार होतो. ठाण्याचं, गावाचं, माणसांचं नाव सांगणार नाही. रविवार होता. सकाळी साडेदहाला गावातून फोन आला की सहा वर्षांची मुलगी घरातून गायब आहे. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली, मी रवानगी टाकली आणि हवालदार व एक महिला शिपाई घेऊन निघालो. सव्वाअकराला त्या घरी होतो.

घर चांगलं नांदतं. मुलीचे आईवडील, आजोबा. त्या साली भाव पडलेला होता, म्हणून अर्ध्या गावाने कापूस न विकता घरातच भरून ठेवला होता. या घरातही मधली खोली वरपर्यंत कापसाने गच्च, आणि माणसं आपली ओसरीत झोपत होती. सगळ्यांच्या अंगाला खाज, नाकात तंतू. मी ओसरीतल्या बाजेवर बसलो तशा मला चार शिंका आल्या. पाठीमागे कापसाच्या खोलीची भिंत होती. तिला टेकून मी वडिलांचं बयान घ्यायला सुरुवात केली.

अंगणात निम्मं गाव लोटलेलं. आत बाया रडत होत्या, बाहेर जो तो आपली अक्कल सांगत होता. त्यात कुठेतरी पिपाणी वाजत होती, बारीक, थांबून थांबून. माझं डोकं फिरलं. मी खेकसलो, "कोण आहे रे तो पिपाणीवाला? इथं लोकायचा जीव चालला अन् तुमाले खेळ सुचतो काय?" पोरं पळाली. थोड्या वेळाने पिपाणी बंद झाली आणि मी पुढचा प्रश्न विचारला.

प्रश्न सगळ्यांना एकच होता. कोणी नेली? कोणावर संशय? कोणाशी वैर? वैर कोणाशी नव्हतं. पण आजोबा म्हणाले, "सकाळी थो केसंवाला आला होता साहेब. दारासमोरच बसला होता लिंबाखाली. आता गायब आहे."

केसंवाला म्हणजे बायांचे विंचरून निघालेले केस घेऊन त्यावर भांडी, टिकल्या, पोरांना पिपाण्या देणारा फेरीवाला. बाया गुंता काढला की केसांचा गोळा करून कोनाड्यात खोचून ठेवतात, तो आला की देतात. त्या दिवसांत मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. परका माणूस, मुलगी गायब, आणि तोही गायब. मला आणखी काय पाहिजे होतं?

घराची झडती मी घेतली होती, हेही सांगतो. घेतली नाही असं नाही. स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा, मागची विहीर, सगळं पाहिलं. कापसाच्या खोलीची कडी काढायला लावली. दारात कमरेच्या वरपर्यंत आडव्या फळ्या लावलेल्या आणि त्यांच्या वर कापसाची सरळ भिंत, कुठे खळगा नाही, कुठे पाऊल नाही. "इथून मांजर शिरलं नसतं," मी म्हणालो आणि स्वतःच्या हाताने कडी लावली.

बाराच्या सुमाराला केसंवाला शेजारच्या गावात लोकांना सापडला. आम्ही पोचेपर्यंत त्याचा डावा हात मोडला होता. पन्नाशीचा वाळका माणूस, जुनी मोपेड, मागे टोपलं. त्याच्या झोळीत केसांचा एक गोळा निघाला आणि त्या गोळ्याला लाल रिबीन बांधलेली. आमच्यासोबत आलेल्या वडिलांनी रिबीन ओळखली. मुलीचीच होती. बाप खाली बसला. मी मनात म्हणालो, झालं काम.

ठाण्यात आणून दीड वाजल्यापासून मी त्याची चौकशी केली. तो एकच सांगत होता. "साहेब, पोट्टी केसं घेऊन आली. तिनंच आपल्या रिबिनीनं बांधून आणले. मी तिले पिपाणी देल्ली. थे वाजवत घरात गेली, मंग बाह्यर आलीच नाई. मी दारासमोरच बसलो होतो न."

"मग पळाला काहून?"

"गर्दी जमली साहेब. पोट्टी दिसत नाई म्हणे. मले मालूम होतं, मार मलेच पडते."

मी हात उचलला. आता लपवून काय करू? मोडका हात गळ्यात बांधलेल्या माणसाच्या थोबाडीत मी दोनदा मारली आणि विचारलं, पोरगी कुठे आहे? तो रडत म्हणाला, "घरात गेली साहेब. बाह्यर आलीच नाई."

दुपारी अकोल्याहून श्वानपथक आलं. पथकवाल्याचा मला फोन आला, "साहेब, कुत्रं अंगणाच्या पुढं जाऊन नाही राहिलं. फिरून फिरून ओसरीतच येते." मी म्हणालो, एवढ्या माणसांनी जागा तुडवली, त्याला वास कसा लागणार? त्यालाही ते पटलं. मी त्याला विहिरीकडे न्यायला सांगितलं. कुत्र्याचंही मी ऐकलं नाही, असं हवालदार पुढे कधीतरी कोणाला म्हणाला. खरंच म्हणाला.

पाच वाजले. चहा आला, कोणी घेतला नाही. मी केसंवाल्याचं बयान पुन्हा काढलं, त्यातलं खोटं शोधून त्याच्या तोंडावर मारायचं म्हणून. एकेक वाक्य घेतलं. केस आईचे, ते तिने ओळखले होते. रिबीन मुलीने स्वतः बांधली असेल, पोरी बांधतात. मुलीशिवाय आणखी चार पोरांना पिपाण्या दिल्या म्हणतो, गावातून खात्री झाली होती. प्रत्येक वाक्य खरं निघत होतं. राहिलं एकच, आणि तेवढंच मी सकाळपासून खोटं धरून चाललो होतो.

महिला शिपाई दारात उभी होती. नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नव्हती तिला. ती दबकत म्हणाली, "साहेब, थो खरंच सांगून राहिला असला तं?"

संशयित खरं बोलतो हे गृहीत धरून तपास करायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मीही कोणाला शिकवलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडणारच होतो, पण तोंडातून निघालं, "तर मग पोरगी घरातच आहे."

ती खाली मान घालून म्हणाली, "तिची माय सकाळी मले चुलीपाशी म्हणे, काल मारलं मी तिले. कापसात उड्या मारते म्हणून. पोट्ट्यायचा खेळच आहे थो. भिंतीवरून उतरतात."

त्या खोलीची भिंत टिनाच्या छपरापर्यंत गेलेली नव्हती. वर दीड हात फट होती. पलीकडे स्वयंपाकघरात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, पोरांना चढायला पायरीच. सकाळी मी ते सगळं या दोन डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं नाई साहेब. तुमी सगळ्यायले विचारलं, कोणी नेली. अन् थे खोली तं तुमी स्वतः पाह्यली होती."

तिची काही चूक नाही. ठाणेदाराने पाहिलेली खोली शिपायाने पुन्हा पाहू म्हणायचं नसतं, हे आम्हीच तिच्या अंगी मुरवलेलं. आईनेही तसंच धरलं असेल. साहेबांनी पाहिलं म्हणजे पाहिलं.

निघताना गावात फोन लावला, लागला नाही. दिवस मावळता मावळता आम्ही गावात पोचलो. फळ्या काढल्या. माणसांनी कापूस मिठीत धरून धरून अंगणात टाकायला सुरुवात केली. आजोबा मध्येच म्हणाले, "जरा हळू, हळू काढा रे," जणू कापूस कोणाला लागणार होता. दूरच्या कोपऱ्यात, भिंत आणि ढिगाच्या मधल्या पोकळीत ती घसरली होती आणि वरून कापूस बसला होता. तो कोपरा ओसरीच्या भिंतीचा. मी सकाळी पाठ टेकली होती ती जागा तिथून फार तर हातभर. तिच्या मुठीत लाल पिपाणी होती.

बाप ओरडला. आई ओरडली नाही. तिने मुलीच्या केसांतला कापूस वेचायला घेतला, एकेक तंतू. पंचनामा होईपर्यंत ती तेच करत होती आणि मी तिला थांबवू शकलो नाही.

प्रकरण आकस्मिक मृत्यू म्हणून नोंदलं गेलं. शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरला मी एकट्यात गाठून विचारलं, किती वाजता? तो म्हणाला, "नक्की सांगता येत नाही. कापसात थोडी हवा राहते. लगेच गेली असेल. तास, दोन तासही निघाले असतील." ती दहाच्या आधी आत गेली होती. मी सव्वाअकराला आलो. ही बेरीज मी तेव्हापासून करतो आहे.

केसंवाल्याला सोडलं. त्याच्या हाताचं प्लास्टर मी करवून दिलं आणि त्याला सांगितलं की माझी चूक झाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मी तं सकाळपासून सांगूनच राहिलो होतो साहेब." त्या भागात तो पुन्हा फिरकला नाही. निर्दोष सुटला तरी लोकांच्या तोंडी तो पोरं नेणाराच राहिला, बाळापूरच्या बाजारातही कोणी त्याला उभं करत नव्हतं असं नंतर कानावर आलं.

पंधराएक दिवसांनी मुलीची आई ठाण्यात आली, दिराला बाहेर उभं करून. खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "साहेब, मले एकच सांगा. तुमी ओसरीत बसले होते तवा थे जित्ती होती का?"

मी म्हणालो, "नाही बाई. पडल्या पडल्या गेली. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे."

"म्हंजे लय तरास नाई झाला तिले."

"नाही."

तिने पदराने तोंड पुसलं, नमस्कार केला आणि गेली. बत्तीस वर्षांत मी हजारो माणसांचं खोटं पकडलं. तिला माझं एवढं साधं खोटं पकडता आलं नाही.

क्लासमधल्या पोरी, तुला काय सांगू? चौकट चौकट म्हणतात ती भिंतीसारखी दिसत नसते. दिसली असती तर मी ओलांडली असती, मी काही मठ्ठ नव्हतो. माझ्याकडे अनुभव होता आणि त्या अनुभवानेच मला सकाळी सव्वाअकराला सगळं आधीच सांगून टाकलं होतं. नवं काही सुचायला माणसाला थोडं अडाणी व्हावं लागतं, समोरचा खरं बोलत असेल असं घटकाभर धरावं लागतं, मग तो फेरीवाला असो, शिपाई असो, नाहीतर कुत्रं. मला ते समजलं, पण पाच वाजता. पुढच्या नोकरीत मी या शहाणपणावर दोन-तीन किचकट तपास लावले, शाबासकीही मिळाली. दर वेळी वाटलं की हे त्या मुलीच्या जिवावर मिळतं आहे. त्यात आनंद कसला?

एक गोष्ट मी कोणत्याच कागदावर लिहिली नाही. पंचनाम्यात नोंद आहे, 'प्लास्टिकची लाल पिपाणी, एक नग'. मी ओसरीतून ज्या पिपाणीवर ओरडलो, ती अंगणातल्या पोरांची असेल. केसंवाल्याने त्या दिवशी आणखी चार पोरांना पिपाण्या दिल्या होत्या, ते तपासात निघालंच आहे. ती चारही पोरं त्याच गावात आहेत, आता मोठी झाली असतील. साहेब ओरडले तेव्हा तुमच्यापैकी कोण वाजवत होतं, एवढंच त्यांना विचारायचं आहे. अमरावतीहून दोन तासांचा रस्ता आहे. मी अजून गेलो नाही.