कॉलरला आतून शिवलेला नंबर

लोकांचे कपडे आखूड, लांब, सैल, घट्ट करून देणं हा टेलरबाईंचा धंदा. नवीन कपडे त्या शिवत नसत. "नव्याचे नखरे फार," म्हणायच्या. घरात माणसं दोनच, त्या आणि त्यांचे बाबा. बाबांचं विसरणं वाढलं, तेव्हा टेलरबाईंनी त्यांच्या आठही पांढऱ्या शर्टांच्या कॉलरला आतून मशीनवर स्वतःचा फोननंबर शिवून टाकला. टाका असा, की शर्ट फाटेल पण आकडा निघणार नाही.

त्या दुपारी बॉबिन भरून त्यांनी मान वर केली, तर दार सताड उघडं. चपला नाहीत, बाबा नाहीत.

गल्ली, बसथांबा, बाग, सगळं पालथं घातलं. चौकीवर हवालदाराने विचारलं, "अंगात काय होतं?"

"पांढरा शर्ट. कॉलरला माझा नंबर आहे," टेलरबाईंनी ठासून सांगितलं.

मग काय, सगळी गल्ली पांढऱ्या शर्टांच्या मागे लागली. किराणावाल्याने तर भलत्याच आजोबांना हाताला धरून आणलं.

"अहो सोडा, मी भाजीला निघालोय!" आजोबा खेकसले. "घरी बायको आहे माझी, विचारा तिला!"

लोक हसले. टेलरबाईही हसल्या, उगाच. मग जो तो आपापल्या कामाला लागला आणि त्या फुटपाथवर एकट्या उरल्या. फोन हातात होता, पण ज्याला लावावा असं एकही नाव सुचेना.

पाचच्या सुमाराला फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, चष्म्याच्या दुकानाचे मालक.

"टेलरबाई, मला दातांच्या दवाखान्यातून फोन. म्हणे, तुमचे वडील आमच्याकडे बसलेत, घेऊन जा. अहो, माझे वडील जाऊन बारा वर्षं झाली! मी मटकन खालीच बसलो."

"पण तुम्हाला का फोन केला?"

"त्यांच्या शर्टाला चिठ्ठी आहे म्हणे. माझं नाव, नंबर आणि 'बाही दोन इंच कमी'."

टेलरबाईंच्या डोळ्यांपुढे खुंटीवरचा निळ्या चौकड्यांचा शर्ट आला. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्याला अशी चिठ्ठी टाचायची, ही शिस्त त्यांचीच. आणि तीन तास त्यांनी सगळ्यांना पांढरा शर्ट शोधायला लावला होता.

"तुमचा शर्ट..."

"खड्ड्यात गेला शर्ट. आधी बाबांना आणा."

दवाखान्यात बाबा बाकावर ताठ बसले होते. बाह्या पार बोटांवर आलेल्या. टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या शेजारी टेकायला गेल्या, तशी बाबांनी त्या जागेवर हात ठेवला.

"इथं नका बसू, बाई. माझी मुलगी येणार आहे."

"कधी?" टेलरबाईंनी विचारलं.

"येईलच. तिला काम फार असतं."

"चला, मी सोडते तुम्हाला घरी."

"छे! अनोळखी माणसाबरोबर कुठं जायचं नाही, असं बजावलंय तिने."

काउंटरवरची बाई काही बोलणार होती, पण टेलरबाईंनी मानेनेच नको म्हटलं.

"दवाखाना बंद कधी होतो?"

"सातला."

त्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दार उघडलं, की बाबा मान वर करून बघत होते.