सुमन भोये यांचा पाना

पहिल्याच दिवशी मी सुमन भोयेच्या हातात संस्थेची हातोडी दिली, तर तिने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.

"शिकायपुरती वापरते, सर. पण माझी मी करणार. हत्यार उसनं, तर हात बी उसना."

वर्गातली पंधरा पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. नाशकातल्या आमच्या लहानशा प्रशिक्षण संस्थेत प्लंबिंग शिकायला आलेली ती पहिली बाई. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. सुमन पेठकडच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत दहावी झालेली. दरवर्षी बांधकामावर घमेली उचलायला येणाऱ्या टोळीबरोबर ती नाशकात आली आणि परत गेलीच नाही. वय सव्वीस-सत्तावीस. हेच काम का, असं मी विचारलं होतं.

"विटा वाहणाराला कोण नावानं हाक मारतंय? नळवाला आला का समदे म्हणतात, या मिस्त्री, बसा मिस्त्री. मला कोणी 'बसा' म्हटलेलं ऐकायचंय."

आमच्याकडे नियम होता की वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःची हत्यारं परीक्षकाला दाखवायची. पोरांनी यावर तोडगा काढलेला होता. चौघापाचांत मिळून एक पेटी आणायची आणि एकाची दाखवून झाली की खिडकीतून बाहेर थांबलेल्या पुढच्याकडे सरकवत सगळ्यांनी तीच दाखवायची. मला ठाऊक होतं, परीक्षकांनाही असावं. सुमन मात्र जूनपासून एकेक वस्तू जमवत होती. जुन्या ताडपत्रीची पिशवी तिने स्वतः शिवली आणि प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा केला. कप्पा आधी शिवायची, हत्यार नंतर यायचं. रिकाम्या कप्प्यांची ती पिशवी पाहून पोरं चिडवत, "सुमनताई, पिशवीत हवा भरून आणली का?"

"हवा तरी माझीच हाय ना रे," ती म्हणायची. "तुझ्या पेटीत तर पाच जणांचा वाटा."

दिवाळीनंतर तिने जुन्या नाशकातल्या एका भंगारवाल्याकडून अठरा इंची पाइप पाना आणला. गंजलेला होता, स्प्रिंग तुटलेली, दाते झिजून गुळगुळीत झालेले. त्याच्या दांड्यावर आमच्या संस्थेचा ठोकलेला शिक्का होता. मी तो लगेच ओळखला, कारण मोडकी हत्यारं भंगारात काढायची यादी मीच केली होती. सुमनने नवी स्प्रिंग बसवली आणि त्रिकोणी कानशीने एकेक दाता घासून धारेवर आणला. सलग चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ती तेच करत होती. मी शेजारी उभा राहून डबा खात पाहत असे. शेवटी तिने पाना पाइपवर चढवला, जोर दिला आणि तो घट्ट बसला. "वा!" मी म्हणालो. तेव्हा मनापासूनच म्हणालो होतो.

याच सुमारास माझ्या मेहुण्याचं घर बांधून होत आलं होतं. त्याने पाना मागितला आणि मी संस्थेच्या भांडारातून एक नेऊन दिला. चार दिवसांत परत आणतो म्हणाला होता. मी कुठे लिहून ठेवलं नाही आणि नंतर आठवणही केली नाही.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना साठ्याची तपासणी झाली. अठरा इंची पाना एक कमी भरला. प्राचार्य वर्गात आले. कुणीतरी म्हणालं, सुमनताईच्या पिशवीत शिक्क्याचा पाना आहे.

सुमन उठली. तिने पिशवी माझ्या टेबलावर आणली आणि एकेक कप्पा रिकामा करू लागली.

"ही हातोडी. दांडा धामणीच्या लाकडाचा, माझ्या बापानं तासून दिला. हा ओळंबा, साइटवरच्या म्हाताऱ्या गवंड्यानं दिला, त्याला आता दिसत नाय. ही करवत नवी. ही छिन्नी मी इथंच भट्टीत ठोकली, हे समदे व्हते. आन् हा पाना भंगारातून आणला. दाते घासताना सरांनी बघितलंय."

मग ती माझ्याकडे वळली. "सांगा ना सर."

भंगाराची यादी माझ्या खणात होती, हाताच्या अंतरावर. ती काढली असती तर सुमन सुटली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, हरवलेला पाना कुठे आहे? मी वर्गातल्या सोळा जणांसमोर आणि प्राचार्यांसमोर म्हणालो, "शिक्का तर आपलाच आहे."

एवढंच म्हणालो. हे खोटंही नव्हतं. त्या वाक्यामागे मी कितीतरी वर्षं लपलो.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "माफीनामा लिहून दे. परीक्षेला बस. प्रकरण इथंच मिटवू."

"चोरी केली आसती तर पाय धरले आसते," सुमन म्हणाली. "नाय केली तिची माफी कशी लिहू? उद्या पोरंबाळं झाली तर ती वाचतील ना."

"मग परीक्षेला बसता येणार नाही."

"नका बसू देऊ."

तिने सगळी हत्यारं सावकाश ज्याच्या त्याच्या कप्प्यात घातली. पाना टेबलावर ठेवला. "हा घ्या. तुमाला चोर पाहिजे व्हता, मला काम पाहिजे. माझं काम ह्या कागदावाचून बी व्हईल." आणि मान वर ठेवून गेली. पोरांपैकी एकालाही हसू आलं नाही.

महिन्याभराने मेहुण्याने पाना परत आणून दिला. मी तो गुपचूप भांडारात ठेवला. सुमनचा धरून साठ्यात आता एक पाना जास्त झाला. कमी पडलं की चौकशी होते, जास्त झाल्याची कोणी करत नाही.

सुमन पुढे नाशिक रोडच्या वसाहतींमध्ये कामं करू लागली. नवरे कामावर गेलेले असताना घरातल्या बायका तिला निर्धास्तपणे दार उघडत. प्रमाणपत्र नसल्यामुळे सरकारी काम तिला कधी मिळालं नाही. पण तिने जोडलेल्या पाइपाबद्दल तक्रार आल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या निवृत्तीनंतर आमच्याच इमारतीची टाकी गळू लागली तेव्हा सेक्रेटरीने बोलावलेली बाई म्हणून ती समोर उभी राहिली. बरोबर दोन तरुण मुली होत्या, दोघींच्या खांद्याला आपापली पिशवी. त्यांनी केलेला जोड तिने बोटाने चाचपला. "पाणी सोडा. आपण कितीबी पक्का म्हणू, पाण्याला इचारायचं. ते कोणाची भीड धरत नाय."

काम झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "सुमनबाई, त्या दिवशी मला सगळं माहीत होतं. पाना माझ्या मेहुण्याकडे होता. माझं चुकलं."

ती चिडली नाही, रडलीही नाही. हात पुसत म्हणाली, "मला कशापायी सांगता सर? म्या चोरी नाय केली, हे मला पयल्यापासून ठाऊक हाय. ज्यांच्यापुढं गप बसलात, त्यांना सांगा."

मी तिला "बसा, चहा घ्या" म्हणालो. "दुसरीकडं टाइम दिलाय," म्हणाली आणि मुलींना घेऊन जिना उतरली.

त्यालाही बरीच वर्षं झाली. एवढी वर्षं मी कोणालाच काही सांगितलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

आता संस्थेची स्मरणिका निघते आहे आणि माझ्याकडे 'आठवणीतला विद्यार्थी' या विषयावर लेख मागितला आहे. मी हा दिला. संपादक मंडळातल्या गृहस्थांचा फोन आला. "सर, बाईंचं कौतुक छान आहे. तेवढा पान्याचा भाग काढू या. संस्थेचं नाव आहे, तुमचंही वय झालं."

वय झालं म्हणूनच लिहिलं, असं मी त्यांना सांगितलं. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर सगळं परत पाठवा. एक ओळ कापलेली चालणार नाही. परत आलं तरी माझं अडत नाही. त्या वर्गातल्या अकरा जणांचे पत्ते मी मिळवले आहेत, चौघांचे शोधतो आहे. पाकिटं आणली आहेत. प्रती हातानेच काढतोय. आज तिसरी पूर्ण झाली.