हळदीचे धागे

आमच्या पनवेलच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत दसऱ्याला सूक्ष्मदर्शकाची पूजा व्हायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढे. सर स्वतः ओल्या बोटाने प्रत्येक यंत्राला हळद लावायचे. त्या वर्षी उत्साह ओसंडून वाहत होता, म्हणून माझ्या बाटल्यांच्या झाकणांनाही लावली. विज्ञानाला आशीर्वाद कुठूनही चालतो.

त्या बाटल्यांवर माझी पीएचडी अडली होती. पाण्यात काही रेणू हात धरल्यासारखे आपोआप एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब धागे होतात. पकड सैल, त्यामुळे एक रेणू सुटतो, दुसरा त्याची जागा घेतो, आणि धागा मात्र होता तसाच दिसतो. ही अदलाबदल किती वेगाने होते, ते मला मोजायचं होतं. निळ्या दिव्याखाली हिरवा चमकणारा रंग लावलेले आणि बिनरंगी धागे एकत्र करायचे आणि बिनरंगी कधी हिरवे होतात ते बघायचं.

दसऱ्यानंतर ते लगेचच हिरवे झाले. सर हरखले. असा वेग जगात कोणी पाहिला नसेल म्हणाले, आणि पुन्हा पेढे आले. पेपर लिहून झाला, धाडूनही झाला. मी मात्र संशयी स्वभावाची. काहीही न मिसळलेली बिनरंगी बाटली त्याच निळ्या दिव्याखाली धरली, तर तीही हिरवी.

"सर, झाकणावरची हळद आत गेलीय. या दिव्याखाली हळदही हिरवी चमकते. ही अदलाबदल नाही."

"अगं, हळद शुभ असते," सर हसत म्हणाले. "आणि पेपर ऑलरेडी गेलाय. तुझा थिसिस याच रिझल्टवर उभा आहे, विसरू नकोस."

विसरले नव्हते, तरीही नव्या बाटल्या घेऊन, हळदीविना, प्रयोग पुन्हा केला. धागे हिरवे व्हायला संध्याकाळ झाली. सरांनी तो आकडा बघितलाही नाही. मी म्हटलं, पेपरातून माझं नाव काढा. इतक्या तत्परतेने त्यांनी माझं दुसरं कुठलंच काम केलं नव्हतं. प्रबंधावरची सही मात्र राहिली ती राहिलीच.

आता मी बंदराजवळ, द्रोणागिरीच्या एका गोदामात परदेशी जाणाऱ्या मसाल्यांचे नमुने तपासते. हो, हळदीचेसुद्धा. देवाला विनोद कळतो.

यंदाच्या दसऱ्याचा फोटो मोबाइलवर आला. तोच सूक्ष्मदर्शक, तसाच हार, सरांचं तेच पिवळं बोट. माझ्या स्टुलावर एक नवी मुलगी बसली होती, माझाच जुना ॲप्रन घालून. तो फोटो बघून मला रडू आलं. एक रेणू सुटला तरी धाग्याला पत्ता लागत नाही, हे मीच सगळ्यांना फळ्यावर काढून समजावत असे. तरी फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत राहिले, माझी जागा कुठे रिकामी दिसतेय का म्हणून.