नाव पोटात ठेवणाऱ्या मॅडम

वसमतच्या महाविद्यालयात आदरणीय सुजाता मॅडमच्या तासाला मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा कुरुंद्याहून आलेला, तोंडाला कुलूप लावलेला मुलगा होतो. संगणकावर मराठी लेखन शिकवण्याची त्यांची रीत निराळी होती. आम्ही नाव न टाकता लिहायचे. मॅडम तो मजकूर दुसऱ्याच कुणाच्या पडद्यावर पाठवत आणि त्याने खाली उत्तर लिहायचे. कुणाचे काय, हे फक्त मॅडमना ठाऊक.

एकदा विषय होता 'माझे लग्न'. मी धीर करून लिहिले, की मला मुली आवडत नाहीत, माझे मन मुलांकडेच ओढते. मजकूर परत आला तेव्हा खाली शिवी होती. मी घाईने पडदा बंद केला.

मॅडमनी शिवी देणाऱ्याला हुडकले नाही. त्यांनी सरळ मुलाला मुलगा आवडण्याचा विषयच वर्गापुढे घेतला.

"मॅडम, हा रोग हाय का?" एकाने विचारले.

"न्हाई रे बाबा. डावखुऱ्या माणसाला तू दवाखान्यात नेतो का?"

वर्ग हसला, मग चक्क बोलू लागला. आमच्या भागात असा विषय काढणे म्हणजे गावाच्या तोंडी सापडणे. तसेच झाले. पुढच्या आठवड्यात काही पालक तक्रार घेऊन थेट वर्गात आले, आणि सर्वांत पुढे माझे बाबा! मी संगणकामागे मान घातली.

"पोरायला हे काहून शिकवून राहिल्या तुमी? कोण हाय तसं पोरगं, नाव सांगा."

"नाव माझ्या पोटात राहील, दादा. नोकरी गेली तरी."

बाबांचा आवाज खाली आला. "आमचं तर न्हाई ना?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "तुमचं असतं, तर काय केलं असतं?"

बाबा शेतातल्या हळदीने पिवळे झालेले हात चोळत राहिले. "काय करणार? लेकरू हाय. जेवू घातलं असतं."

त्या शब्दांच्या जोरावर पुढे मी त्यांना खरे सांगू शकलो. ते माझ्यावर रुसले, पण माझे ताट त्यांनी कधी चुकू दिले नाही. एवढ्या हळू आवाजात बोलणाऱ्या बाईंनी एवढे धैर्य आणले कुठून, याचे नवल मला आजही वाटते.

यंदा मॅडमनी साठी गाठली. त्यांना काय शुभेच्छा लिहू, असे मी बाबांना विचारले. ते म्हणाले, "धडधाकट ऱ्हा म्हणावं, शंभर वर्सं जगा. अजून लई लेकरायचे बाप यायचे हायेत त्यायच्याकडं."