प्रत्येक नावाला हजर

माझी आत्या जन्मापासून बहिरी. घराच्या वाटणीच्या दाव्यात ती सोलापूरच्या कोर्टात दारासमोरच बसली होती. शिपायाने नाव पुकारलं, तिला ऐकू आलं नाही, आणि कागदोपत्री ती गैरहजर ठरली. बहिऱ्या बाईला ओरडून बोलावतात, शहाणे!

पुढच्या तारखेला मी भांडायच्या तयारीनेच सोबत गेलो. आत्याने हातानेच मला गप्प बसवलं. शिपायाने तोंड उघडलं की ती आत जाऊन हात जोडून उभी राही. चोरीचा खटला असो की भाडेकरूचा दावा, प्रत्येक नावाला आत्या हजर.

शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "या बाई कोण?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. शिपायाला म्हणाले, "यांना जवळ जाऊन खुणेने बोलवा."

मी ते आत्याला खुणांनी समजावलं. तिने मान डोलावली.

पुढचा पुकारा दुसऱ्याच कुणाच्या नावाचा झाला, आणि आत्या उठली.