बेसिनाला नाक लावलं तेव्हा

लग्न होऊन मी वसमतला आले तेव्हा आमच्या घरी बेसिन एक होतं आणि सकाळी शाळेत शिकवायला निघणारी माणसं दोन. मला हट्टा गावाकडची एसटी गाठायची असायची, ह्यांना उलट्या दिशेची. हे दाढीला उभे राहिले, की एका गालावरून दुसऱ्या गालावर पोचेपर्यंत माझं सगळं ताटकळायचं. मी त्यांच्या खांद्यावरून आरशात डोकावून टिकली लावायची. एकदा ती भुवईवर लागली आणि तशीच चौथीच्या वर्गात गेली.

दोन हजार सालानंतर कधीतरी बाथरूमची जुनी फरशी काढायची ठरली, तेव्हा मी सांगून टाकलं, आता बेसिनं दोन.

"दोन?" सासूबाई म्हणाल्या. "तोंड धुवायला घरात लाइन लागून राहिली का?"

"व्हय, लागून राहिली," हे म्हणाले. आईसमोर त्यांनी माझी बाजू घेतल्याचं मला तरी तेवढं एकच आठवतं.

मिस्त्री जवळच्या तांड्यावरचे, पन्नाशीचे. त्यांचा जन्म शेतात पाइपलाइन टाकण्यात गेलेला. घरातली कामं ते मधूनमधून करायचे. त्यांनी एका लांब कडप्प्यावर दोन बेसिनं शेजारी-शेजारी बसवली आणि खाली दोन्हींचे पाइप समोरासमोर आणून एकाच पाइपात सोडले.

"भिंतीला येकच भोक पाडलं, बाई. घराची चाळणी काहून करायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं राजा-राणीसारखे आपापल्या बेसिनापुढे उभे राहिलो. ह्यांनी दाढी आटोपून पाणी सोडलं. माझ्या बेसिनाच्या भोकातून बुडबुडे आले, आणि बुडबुड्यांमागून ह्यांची दाढी. फेसासकट.

"अहो, तुमचे केस इकडं आलेत!"

"मग आता ते तुझेच," हे म्हणाले आणि बस पकडायला पळाले.

मिस्त्रींनी येऊन खाली वाकून बघितलं आणि जीभ चावली. समोरासमोर जोडल्यामुळे एकीकडचं पाणी सरळ दुसरीकडं घुसत होतं. त्यांनी तो जोड काढून खाली उतरता, तिरपा जोड बसवला. फेस यायचा थांबला. पण ह्यांनी बेसिन रिकामं केलं की माझं बेसिन 'गुडगुडगुड' करी आणि मागून गटाराचा वास येई. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आधी येकच होतं, पण मुकं होतं बिचारं."

मिस्त्री पुन्हा आले. ह्यावेळी त्यांनी पान्याला हातच लावला नाही. पाटावर बसून ते आम्हाला दोन्ही बेसिनांतून आळीपाळीनं पाणी सोडायला लावत राहिले आणि कान देऊन ऐकत राहिले. मग एकदम मांडीवर थाप मारली.

"बाई, शेतातल्या पाइपलाइनला मधीच उभा पाइप काहून ठिवतात?"

"हवा निघायला."

"बराबर! निघायला बी अन् घ्यायला बी. ह्याला श्वास घ्यायला जागाच न्हाई. मंग ते तुमच्या बेसिनातून हवा वढतं. खालच्या वाकात वास अडवायला पाणी ऱ्हातं, ते बी सोबत वढून नेतं. ह्याला नाक लावा लागंल."

दुपारपर्यंत जोडापासून निघालेला एक पाइप भिंतीवरून थेट गच्चीच्या वर गेला. मिस्त्री गच्चीवर, मी आणि हे खाली, भरलेल्या बेसिनांपुढे. सासूबाई गुडघे धरत जिना चढल्या होत्या. मिस्त्रींनी पाइपाच्या तोंडावर कापसाचा पुंजका चिमटीत धरला आणि ओरडले, "सोडा पाणी!"

आम्ही दोन्ही बुचं एकदम उपसली. पाणी सरसर गेलं. गुडगुड नाही, वास नाही. वरून सासूबाईंचा आवाज आला, "आगं बाई! कापूस आत वढला की!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही लहान पोरांसारखं बेसिनं पुन्हा भरायला घेतली. चार वेळा तरी सोडलं असेल पाणी. शेवटी मिस्त्रींनीच टाकी रिकामी होईल म्हणून दटावलं आणि पाइपाच्या तोंडाला जाळी बांधून दिली, चिमण्यांनी घर करू नये म्हणून.

पुढं गावात कुठंही काम घेतलं की मिस्त्री आधी उभ्या पाइपाचं बोलायचे. घरमालक कुरकुरला की त्याला आमच्याकडे घेऊन यायचे. सासूबाई त्याला गच्चीवर नेत आणि पाइपावर हात ठेवून सगळं समजावून सांगत, बेसिन कसं गुदमरलं होतं आणि वास कुठून येत होता. मिस्त्री मागे हात बांधून उभे राहत, आणि मी खाली चहाचं आधण ठेवी.